पाठीचं माप

चाळीस वर्षं मी लोकांच्या पाठी मोजतोय,
सोमवार पेठेत, तीन पायऱ्यांच्या दुकानात.
कुणाचा उजवा खांदा बोटभर खाली,
कुणाला पोक झाकून हवं.
वहीत लिहितो, तोंडावर बोलत नाही.
पण रीळच्या पाठीत काय उसवलं
ते काही टेप लावून कळेना.

रीळ म्हणजे माझा कुत्रा.
(हल्लीच्या पोरांना वाटतं मोबाईलवरनं ठेवलंय नाव.
अरे, दोऱ्याचं रीळ. पिल्लू होता तेव्हा
टेबलाखाली तसाच गडगडत जायचा.)

दिवाळीआधी नवी फरशी घातली, तोंड दिसेल अशी.
तिच्यावरनं घसरला, मागचे पाय दोन दिशांना.
ओरडला नाही.
दुसऱ्या दिवसापासून मात्र पायऱ्या बघून
फुटपाथवरच बसायला लागला,
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखा.

नेहमीच्या डॉक्टरांनी आधी फोटो काढला.
मणके ओळीत, मोडलेलं काही नाही.
चिठ्ठी दिली: बिबवेवाडी, डॉ. चारुता आंबवणे.
जनावरांच्याच डॉक्टर, हे हाताचं काम मागाहून शिकल्या.
समोरचे टकले म्हणाले,
'कुत्र्याला मालिश? तेही पैसे देऊन?'
म्हटलं, तुमच्या सफारीचे अजून यायचेत.

मला वाटलेलं, तालमीतले वस्ताद
मान धरून झटका द्यायचे
तसं काही असणार. डोळे मिटायच्या तयारीनं गेलो.
बाईंनी त्याला नुसतं चालवलं,
व्हरांड्यात, जाऊन येऊन, चार वेळा.
मग सतरंजीवर त्याच्याशेजारी बसल्या,
मानेपासून शेपटीपर्यंत दोन बोटं नेली,
कापड उलटं करून टीप तपासावी तशी,
आणि एका जागी थांबल्या.
रीळनं मान वळवून बघितलं.
'इथे,' म्हणाल्या.
त्याला म्हणाल्या, मला नाही.

अंगठ्याचा एक छोटा धक्का.
प्रेसबटण लागतं तेवढाही आवाज नाही.
मग कुत्र्यानं जांभई दिली, लांबलचक,
ओठ चाटले,
आणि बारा दिवसांत पहिल्यांदा
कुशीवर आडवा झाला, परक्या जागी.

हात धुता धुता बाई सांगत होत्या:
आज खूप झोपेल. उद्या कदाचित जास्त दुखेल, घाबरू नका.
दोन दिवस साखळी. उड्या नाहीत, पायऱ्या उचलून.
पंधरवड्यानं परत आणा.
तीन खेपांत फरक नाही पडला
तर मीच सांगेन, येऊ नका.
मागचे पाय ओढायला लागला, लघवी अडली,
तर माझ्याकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात,
रात्र असली तरी.
आणि त्या फरशीवर काहीतरी टाका हो.

'बरा होईल ना?'
'हलका होईल. अकरा वर्षांचा आहे.
वय मला काढता येत नाही.'

पटलं मला. आमच्यातही तसंच,
सैल करता येतं, पण शिवणीत
आत कापड ठेवलेलं असेल तेवढंच.

पैसे मोजत होतो तेव्हा म्हणाल्या,
'तुमचा डावा खांदा बोटभर वर आहे.
मशीनवर वाकून. पण मी माणसांची नाही.'
मी हसलो. रिक्षात बसल्यावर
खांदा खाली घ्यायला गेलो, येईना.
चाळीस वर्षांत
माझं माप कुणी घेतलंच नव्हतं.

सुटिंगचे उरलेले तुकडे जोडून
फरशीवर गोधडी घातली आहे आता.
गिऱ्हाइकं चपला काढून तिच्यावर उभी राहतात,
टकलेसुद्धा.

आज नववा दिवस.
मघाशी पहिली पायरी चढला. मग दुसरी.
तिसरीवर पुढचा पंजा टेकवून
विचार करत उभा आहे.
हाक मारावीशी वाटते, मारत नाही.
सुई हातात, दोरा ओवायचा राहिलाय.