बसून घेतलेलं माप

माप उभ्यानं घ्यायचं, हात सरळ, नजर समोर.
एकवीस वर्षं मी बायकांना असंच उभं करते.
कधी विचारलं नाही, हे अंगात घालून
तू दिवसभर वाकणार कुठे.

मला कळलं ते सायकलवर.
गावातून हिंगणघाट सात किलोमीटर,
पुतण्यानं टाकून दिलेली सायकल,
हँडल काठीसारखं सरळ, धरायचं तर
घोरपडीसारखं लांबावं लागे.
मुंढ्यात काचायचं. पाठीची टीप उसवायची.
दुपारी मशीनवर बसले की मनगटात मुंग्या.

उकंडा गेडाम म्हणाला, 'सायकलले काऊन शिव्या देता बाई,
हे हँडल तुमच्या मापाचं नाहीच ना.
खांदा किती?'
'साडेचौदा,' मी म्हटलं, आणि दोघंही हसलो.
भंगारातून त्यानं एक ओढून काढलं,
नागपुरी म्हशीच्या शिंगांसारखं
मानेलगत मागे गेलेलं.
गंज घासला. मुठी बसवल्या, एक हिरवी, एक काळी.
एकशेदहा रुपये आणि नातीच्या फ्रॉकची शिलाई.

त्या रात्री स्वतःचं माप घेतलं,
स्टुलावर बसून, हात पुढे, हँडल धरल्यासारखे.
टेप पुरवताना नाकी नऊ आले.
पाठ दोन इंच जास्त. बाही दीड.
बसलेली बाई उभीपेक्षा मोठी भरते,
हे माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.

कापड सुती, धुऊन धुऊन नरमलेलं.
काख सैल. बाजूच्या चिरा लांब.
मोहरी इतकी आवळ की चेनला तोंड घालता येऊ नये.
उजव्या कुशीला खिसा, त्यात पाना.
रंग काळपट, इथल्या मातीशी वाद नको म्हणून.
सासू म्हणाली, 'हे काय गबाळं!'
म्हटलं, सायकलचं आहे, घरातलं नाही.

सरळ हँडल आता गोठ्यात खिळ्याला टांगलंय,
त्यावर फडकी वाळतात.
आधी मला पुढचं चाक तेवढं दिसायचं.
आता कपाशीवरून पार वणेचा पूल दिसतो,
आणि कोण कुणाच्या गाडीवर बसून चाललंय तेही.

काल पंचफुला आली, ब्लाउजचं माप द्यायला.
उभी राहिली. हात सरळ, नजर समोर.
म्हटलं, वाक.
'काऊन वो?'
वाक तर. वेचणीला वाकतेस तशी.
ओटी बांधल्यासारखा पोटाशी हात धरून ती वाकली.
मी पाठीवर टेप लावला.
आकडा वाचला.
पुन्हा लावला.