दिवसाची लाईट

सबस्टेशनच्या भिंतीवर तो कागद अजून आहे,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
सोम ते गुरू, रात्री दहा ते सकाळी सहा.
शुक्र ते रवी, दिवसा.
त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय :
आणि झोपायचं कधी?

जतच्या पूर्वेला, जिथं मराठी बोलता बोलता
वाक्य कानडीत संपतं,
तिथं मी आठ वर्षं ऑपरेटर आहे.
रात्री दहाला थ्री फेज सोडली
की खाली शिवारात बॅटऱ्या हलायला लागायच्या.
इथून मी माणसं उजेडावरून ओळखायची.
खालीवर होत जाणारा ठिपका, तो गुरबसू आवटी, पाय अधू.
एका जागी बराच वेळ थांबलेला, तो विडीवाला सिद्राम.
आणि डाळिंबाच्या ओळीत दोन ठिपके जवळजवळ,
गौरव्वा बिराजदार आणि तिची नववीतली पोर.
एक पाणी बघायला,
एक साप बघायला.

ती लाईट यायची कुठून, कधी विचारलं नव्हतं.
तिकडं लांब, विदर्भात,
कुणाच्या तरी वाळवणावर राख पडत असणार
आमच्या त्या रात्रींची.

मग माळावर सोलरचं ठरलं.
माळ म्हणजे गायरान, सातबाऱ्यावर सरकार,
आणि सातबारा न वाचता चरणारी
मायाप्पा कोळेकरची माडग्याळी मेंढरं,
बाकदार नाकाची, जरा गर्विष्ठ दिसणारी.
नकाशात चारी बाजूंनी कुंपण होतं.
ग्रामसभेत मायाप्पा उठला नाही,
बसूनच बोलला :
"ऊन सरकारचं, कबूल.
काचंखालची सावली कुणाची?"

साहेब हसले. आम्हीही हसलो,
मी खोटं कशाला सांगू.
सगळ्यांना दिवसाची लाईट पाहिजे होती,
आणि ती अशी समोर आल्यावर
मेंढरांचं कोण बघतंय.
तेवढ्यात गौरव्वा, जिला सगळ्यात आधी पाहिजे होती, म्हणाली,
"आमची रात्र सोडवायला
ह्याचा दिवस कोंडू नका."

एवढंच. पुढं काही लगेच झालं नाही.
चौदा महिने गेले, दोन साहेब बदलले,
नकाशा तीनदा परत आला.
शेवटी काचांचे पाय हातभर उंच झाले
आणि उत्तरेच्या अंगाला एक फाटक आलं,
दोन किल्ल्यांचं.
एक माझ्याकडे. एक मायाप्पाच्या करगोट्याला.

आता सकाळी नऊला मी फीडर चालू करते.
पहिल्या आठवड्यात रात्री बाहेर आले
तर शिवार काळं ठिक्कर.
छातीत धस्स झालं, गेली कुठं सगळी?
फोन उचलला, आणि ठेवला.
झोपली होती.

गुरबसूला मात्र अजून दहाला जाग येते.
उठतो, चप्पल शोधतो,
बायको म्हणते, अहो, निजा.
गौरव्वानं बॅटरीतले पेन्सिल सेल काढून
भिंतीवरच्या घड्याळात घातलेत,
ते दहा मिनिटं पुढं पळतं, पण पळतं.

सगळं झालं असं नाही.
वाडीवरच्या अकरा घरांपर्यंत खांब अजून पोचलेले नाहीत.
आभाळ भरलं की दुपारी फोनवर फोन,
"ताई, लाईट कुठाय?"
मी दारात जाऊन वर बघते आणि सांगते,
"ढग आहे, सरकतोय. सोन्याळच्या अंगाला गेलाय."
आठ वर्षांत पहिल्यांदा
लाईट का गेली ते मला दिसतं.

दुपारी दोनला काचांखालून घुंगरं वाजतात.
मेंढरं सावलीत बसून रवंथ करतात,
वर तारांत पाणी चढत असतं.
भिंतीवरचा कागद काढा म्हणून पत्र आलंय.
काढीन.
पेन्सिलीची ती ओळ कुणाची, तेवढं कळू दे.