दहातले नऊ

व्हर्लिन स्टॅम्परच्या बेचकीला मागे
एक लोखंडी बाक होता, नालेसारखा वळलेला.
मनगटामागे, हातावर तो बसायचा,
रबर ताणलं की वरून दाबायचा.
"खाणीनं माझं मनगट नेलं," व्हर्लिन म्हणायचा,
"त्याच्या बदल्यात हे उसनं आणलंय."

केंटकीतली आमची दरी अशी चिंचोळी
की ऊन दहाला यायचं, चारला निघून जायचं.
मधल्या वेळात आम्ही डबे मारायचो.

टोमॅटो सुपाचा रिकामा डबा दोरीला टांगलेला,
मागे त्याच्या मेलेल्या भावाचं लष्करी कांबळं,
वरच तेवढं खिळलेलं, खाली खोक्यात त्याचा घोळ.
गोळी कांबळ्यावर आपटायची, दमायची, खोक्यात पडायची.
"ताणून बांधशील तर परत येईल, तुझ्याच दातांवर.
सैल कापडाइतकं या दरीत
कुणी कुणाचं ऐकून घेत नाही."

गोळ्या म्हणजे बेअरिंगमधले छर्रे,
कोळशाच्या पट्ट्याच्या मोडक्या चाकांतून उपसलेले,
कॉफीच्या डब्यात, ग्रीसच्या वासासकट.
आधी रबर वाकवून बघायचं,
केसाएवढी भेग दिसली तरी फेकायचं.
त्याच्या भुवईत एक पांढरी रेघ होती.
तिच्याबद्दल विचारायचं नाही.

चामड्याची झोळी ओठाच्या कोपऱ्याला,
रोज तिथंच, तीळ असतो तशी.
"नेम डोळा धरत नाही, पोरी. गाल धरतो."
आणि सोडायचं कसं, तर
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
आपलं बोट काढून घेतात तसं.

दहा पावलं. दहा छर्रे.
दहातले नऊ लागल्याशिवाय
खारीचं नावसुद्धा काढायचं नाही.
जूनमध्ये चार. जुलैत सहा, सात,
मग कोण जाणे का, पुन्हा चार.
ऑगस्टात हंगाम उघडला तेव्हा मी आठवर होते.
तो एकटाच डोंगर चढला, दोन खारी घेऊन उतरला,
पिठाळ रस्सा केला आणि मला आधी वाढलं.
मी रागारागानं हाडं चोखली.

सप्टेंबरात नऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ.

हिकरीखाली बसलो, पाठीला पाठ.
वरून टरफलं पडत होती,
कुणाची तरी न्याहारी चालली होती.
मग ती खोडावरून उतरली, करडी,
आठ पावलांवर थांबली.
मी झोळी गालाला लावली.
डब्यानं कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

छर्रा लागला.
लागू नये तिथं लागला.
पाचोळ्यात ती पुढच्या दोन पायांवर
स्वतःला ओढत निघाली.
व्हर्लिन उठला नाही. "जा," एवढंच म्हणाला.
काय करायचं ते त्यानं आधीच दाखवलं होतं,
हातमोज्यावर, हसत हसत.
मी केलं.

परत आले तर तो टरफलं मोजल्यासारखी चाळवत होता.
"नऊ म्हणजे काय, ते कळलं?
नऊ म्हणजे एक उरतो.
तो कुठे जातो, ते बघायला जायचं असतं."

आता मी ओहायोत खोकी उचलते, रात्रपाळीत.
दिवसा झोपताना मनगटाला पट्टा लावते,
आत पत्र्याची पट्टी असलेला, डॉक्टरनं दिलेला.
तो वरून दाबला की
अर्धवट झोपेत बोटं आपोआप मिटतात,
काहीतरी मागे ओढतात.

परवा वेडननं माळ्यावरून बेचकी शोधून काढली.
रबर चिकट, मेलेलं. बाक मात्र शाबूत.
त्याच्या हातात तो अजून सैल पडतो.
"शिकारीला कधी जायचं, आई?"

मी हातोडी शोधली, चार खिळे,
आणि गाडीतलं जुनं पांघरूण.
म्हटलं, धर हे त्या टोकाला.
नाही, ओढू नकोस. सैल.
अजून सैल.