आयत्या वेळचे विषय

पारसिकछाया सहकारी गृहनिर्माण संस्था, खारेगाव, कळवा.
वार्षिक सभा, रविवार, गच्चीवर.
गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब, मग तीच सभा, तीच माणसं.
उपस्थित एकतीस.
इतिवृत्त लिहिणार मी, सचिव, कारण माझं अक्षर बरं आहे
आणि दुसरं कुणी उभं राहिलं नाही.

टाकीची गळती झाली, लिफ्टचा दोर मंजूर झाला,
मग चारशे दोनचे प्रभावळकर उठले,
कोलशेतच्या कारखान्यात युनियन केलेला माणूस.
खिशातून चार घड्यांचा कागद :
औषधपाणी सगळ्यांना सारखं, सरकारच्या एकाच तिजोरीतून,
ज्याची जेवढी ऐपत तेवढी त्याने भर घालावी,
असा ठराव आमदारांना पाठवू.

हे आपल्या सभेत कशाला, कुणीतरी म्हणालं.
मग कुठे, म्हणाले प्रभावळकर.
लिफ्टचंच बघा. तळमजल्यावरचे साठे तिच्यात पाय ठेवत नाहीत,
मेंटेनन्स सातव्या मजल्याइतकाच देतात.
साठे म्हणाले, देतो. पटत नाही, पण देतो.
हशा.

कर्णिक हसले नाहीत.
"लिफ्ट बंद पडली तर मला जिना आहे.
ऑपरेशनच्या रांगेत माझा नंबर चारशेवा लागला
तर जिना कुठाय, सांगा."
उत्तर आलं नाही. मी तसंच लिहिलंय.

दुकान नंबर दोनचे डॉक्टर पाटकर :
तिजोरी एक असू दे, चावी कुणाकडे?
योजनेच्या बिलांची वाट बघत माझ्या मेव्हण्याने नर्सिंग होम विकलं.
गद्रेबाईंनी पॉलिसीची पत्रकं फिरवली,
दोन वाऱ्यावर खाडीकडे गेली.
पाचशे एकचा नचिकेत म्हणाला, मला कंपनीचं कव्हर आहे,
आणि बुटांकडे बघत बसला.

मी बोललो नाही. सचिवाने बोलू नये.
पण थकबाकीची यादी दर पाच तारखेला
फळ्यावर मीच लावतो, तीन टाचण्यांनी,
आणि अलीकडे ती मला पैशांची वाटत नाही.
दोनशे तीन, दिवाळीपासून : बायपास.
सहाशे चार, अकरा महिने : मुलीला दर महिन्याला रक्त चढवतात.
पाचशे एक, मार्चपासून. कंपनीचं कार्ड गळ्यात दिसत नाही.
एकशे दोन, म्हणजे कर्णिक,
वीस वर्षांत कधी यादीत नव्हते.
यंदा एप्रिलपासून.
वहिनी डोक्याला रुमाल बांधतात, उन्हाचा, म्हणतात,
संध्याकाळीसुद्धा.

एवढं माहीत असल्यावर
हात वर करायचा की मांडीवर ठेवायचा, कळेनासं होतं.
रांगेत घालवायला आमच्याकडे दिवस नाहीत,
एवढंच सांगत होता तो माणूस, लिफ्टच्या भाषेत.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून लालमन.
एजन्सीचा, रात्रपाळीचा,
खुर्च्या वर आणून स्टुलावर टेकलेला.
"साहेब, त्या तिजोरीत आम्हाला धरलंय का?"
धरलंय की, प्रभावळकर म्हणाले. जरा घाईनेच.
मग घड्या उलगडून पाहिल्या.
कागदावर होतं : राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना.
लालमनचं कार्ड प्रतापगढला, आईच्या नावावर.

प्रभावळकरांनी पेन मागितलं. माझंच दिलं.
खोडायचा शब्द लांबलचक,
वर लिहायला जागा एवढीशी,
आणि गच्चीवरचा बल्ब चाळीसचा.

मतदान झालं नाही. डास फार होते, वडे निवत होते.
ठराव पुढच्या सभेवर.
लालमनने खुर्च्या खाली नेल्या, चार-चार करून.
लिफ्ट बंदच होती.

आज इतिवृत्त पक्कं करायला बसलोय.
शेवटचं वाक्य नमुन्यात छापीलच असतं :
आयत्या वेळी अन्य विषय न आल्याने, सबब
अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.
त्याला हात लावलेला नाही अजून.
वर, उपस्थितांच्या रकान्यात, एकतीसचे बत्तीस केलेत.
ऑडिटरने विचारलं तर सांगेन,
अक्षर बरं आहे माझं,
मोजणीत चुकतो.