दुसरी ब, मराठीचा तास

अकरा वाजताच आमच्या वर्गाचा पत्रा टिकटिकू लागतो.
विडी घरकुलातली शाळा, भिंतीपलीकडे यंत्रमाग,
त्यामुळे नऊ वर्षं मी जरा मोठ्यानेच बोलते.
घरी नवरा म्हणतो, हळू, मी काय शेवटच्या बाकावर बसलोय?

आज म्हटलं, गोष्ट मी सांगणार नाही, तुम्ही सांगायची.
मी फक्त सुरुवात देते:
एक शेळी होती. तिनं दोरीवरचा टॉवेल खाल्ला.

"मग पाऊस आला," अरफात.
"मग भूत आलं." "मग हेलिकॉप्टर!"
"मग सगळे झोपले," म्हणाला श्रीहरी बोल्ली,
जो स्वतःच अर्धा झोपेत होता.

आभाळातून काही पडायचं नाही, मी म्हटलं.
सोलापूर आहे हे. आभाळाची वाट बघत बसलो
तर गोष्ट कोरडीच राहील.
गोष्टीतल्याच कुणीतरी काहीतरी करायला हवं.
शेळीनं, माणसानं. दोरीनं नाही, दोरीला मन नसतं.
"असतं की ओ बाई, ती मुद्दाम गुंतती."
यावर पाच मिनिटं गेली.

फळ्यावर दोन शब्द लिहिले. मग. म्हणून.
मग म्हणजे नुसतं पुढं.
म्हणून म्हणजे कुणीतरी केलं, त्यामुळं झालं.

हळूहळू लागली पोरं कामाला.
टॉवेल कारखान्याचा ठरला, परदेशी पाठवायचा, नमुन्याचा.
शेळी राजेश्वरीची ठरली.
राजेश्वरीनं पाहिलं, आणि मालकाला म्हणाली, मी नाही पाहिलं.
म्हणून नाव आलं मागावरच्या अंबादासवर.
म्हणून त्याचा पगार कापला.
म्हणून तो रात्री पिऊन आला.
म्हणून त्यानं घरात हात उगारला.

कुणी सांगितलं हे शेवटचं, मला कळलं नाही.
चाळीस तोंडांपैकी एक.
मी थांबवणार होते. दुसरीचा वर्ग, साधी शेळीची गोष्ट.
पण 'म्हणून' मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात नागमणी चिप्पा उभी राहिली,
जूनपासून जिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकलाय.
"बाई, उगारलेला हात न मारता खाली येतो का?"

माग तेवढा चालू, खटक् खटक्.
येतो, म्हटलं. पण आपोआप नाही, कुणीतरी...
"माहितीय," ती म्हणाली. "मागं जायचं. राजेश्वरीपाशी.
ती म्हणती, माझ्या शेळीनं खाल्ला.
मालक ओरडतो. ओरडू दे की.
म्हणून अंबादासचा पगार आहे तेवढाच.
म्हणून तो येताना कागदात भजी आणतो."
"मग?" अरफात.
"मग काय. खातात."

वहीत लिहा म्हटलं. वह्या माझ्या टेबलावर आल्या,
एकीला अजून शेंगाचटणीचं तेल.
नागमणीनं सगळीकडं मगला काना दिलाय:
माग अंबादास घरी आला.
माग सगळ्यांनी भजी खाल्ली. माग कुणीच रडलं नाही.
लाल पेनचं टोपण काढलं.
प्रत्येक ओळीत एक उभी रेघ जास्त.
टोपण परत लावलं.

श्रीहरी जाता जाता विचारून गेला,
"बाई, पण टॉवेल पचला का शेळीला?"
मला सुचलं नाही काही.

हजेरीपटात मागच्या पानांवर पत्ते असतात.
गट नंबर, घर नंबर, बोअरच्या टाकीजवळ.
शाळा सुटली. फाटकाशी माझी नेहमीची रिक्षा उभी,
एका सीटची जागा राखून.
"बाई, चला की ओ, कन्ना चौक!"

तुम्ही व्हा पुढं, मी म्हटलं,
आणि छत्री उघडली, उन्हासाठी,
आणि टाकीच्या बाजूला वळले.