अकरा दिवस

फ्रिजवरचा कागद चौथ्यांदा बदलला.
पहिल्यात नुसतं होतं: कुत्रा, मांजर, कढीपत्ता.
दुसऱ्यात कूलरची मोटार आली,
अडली तर डाव्या अंगाला एक चापट, जास्त नाही.
तिसऱ्यात, सायबीण स्टीलच्या वाटीतलं पाणी पीत नाही,
तिला मातीचं परळ लागतं,
आणि डांबर केळीच्या ट्रकला भुंकतो, माणसाला नाही,
हे उलटं आहे, पण असं आहे.
चौथ्यात मी बहिणीचा नंबर दोनदा लिहिला.

खुमसिंग पावरा कागदापुढे उभा राहून सगळं वाचत होता.
फैजपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला,
गाव सातपुड्यात आत, जिथे दाराला कडी असते, कुलूप नसतं.
हे त्यानेच सांगितलं,
मी पाच किल्ल्यांचा जुडगा हातावर ठेवला तेव्हा.
म्हणाला, "इतक्या?"
मी म्हटलं, "इतक्याच."
सहावी माझ्या पर्समध्ये होती.

शेजारच्या कुमुद झोपे कुंपणावरून म्हणाल्या,
"परक्या पोराच्या हाती घर?
मी ठेवते नजर, तुम्ही कायजी करू नका."
आता दोन काळज्या झाल्या.

भुसावळला गाडीत बसले. पाचोऱ्याला वाटलं, गॅस बंद केला का?
मग आठवलं, तो आता चालूच असणार,
पोरगं खिचडी टाकत असेल.
चाळीसगावला बिस्किटं काढायला पर्समध्ये हात घातला
तर कपाटाची किल्ली बोटाला लागली.
कपाटात आहे तरी काय?
दोन पाटल्या, पेन्शनचे कागद,
यांचा मोतीबिंदूनंतरचा हिरवा चष्मा.
किल्ली मी रुमालात गुंडाळली,
जशी काही ती डब्यात कुणाला सांगेल.

नाशिकहून पहिल्या रात्री फोन लावला
आणि काय विचारावं ते सुचेना.
"जेवला का?"
"कोण, डांबर?"
"तू."
मग बराच वेळ नुसता कूलर ऐकू आला,
माझाच, आधी घरघर, मग लय धरलेला.
सुमी म्हणाली, कट झाला का गं?
मी मानेनेच नाही म्हटलं.

चौथ्या दिवशी फोन करायचा राहून गेला.
पाचव्या दिवशी ते लक्षात आलं,
सुमीच्या गुडघ्याला शेक देता देता.
एकदम हलकं वाटलं, आणि त्याचाच राग आला.
नऊ वर्षं सांगत होते सगळ्यांना, घर सोडून येता येत नाही,
आणि घर तर राहतंच,
पाणी कुठल्या भांड्यात ठेवायचं
एवढं लक्षात ठेवणारं कुणी असलं की.

सावद्याला उतरले तेव्हा ऊन पंचेचाळीसवर.
डांबर धावत आला, पायाशी हुंगला,
मग मागे वळून खुमसिंगकडे पाहिलं,
हिला आत घेऊ का, अशा नजरेने.

खुमसिंगने वही दिली. प्रॅक्टिकलची, उरलेली पानं.
सोमवार. मांजर जेवली नाही.
मंगळवार. मांजर जेवली नाही. मी पण कमी.
बुधवार. दोघे जेवलो.
शुक्रवार. लाइट गेली. कुत्र्याला ओल्या पोत्यावर झोपवले.
शनिवार. रात्री दोनला कुत्रा चिकूकडे भुंकला. जाऊन पाहिले. कोणी नव्हते.
रविवार. परत भुंकला. जाऊन पाहिले. कोणी नव्हते.
सोमवार. जाऊन पाहिले.

पाच किल्ल्या त्याने एकेक करून मोजून दिल्या.
मी मोजल्या नाहीत. तेवढंच मला करता आलं.
डब्यात शेवभाजी दिली, तिखट कमी घालून,
तो सायकलवर गेला, आणि सायबीण फाटकाच्या खांबावर
उगाच बसून राहिली दिवेलागणीपर्यंत.

रात्री दोनला डांबर भुंकला.
इतकी वर्षं मी अंथरुणातूनच ओरडायचे, गप रे मेल्या.
आज चपला शोधल्या, टॉर्च घेतला, चिकूखाली गेले.
वटवाघळाने अर्धा खाऊन टाकलेला एक चिकू.
बाकी कोणी नव्हतं.
"पाहिलं बरं का," मी म्हटलं.
तो माझ्या आधी घरात गेला.