हयातीचा दाखला

चावी फिरवली. स्टार्टर ओरडला,
ओरडत राहिला,
फियाट मात्र ढिम्म.
पेट्रोल होतं, वास येत होता.
बॅटरी दिवाळीआधीच नवी टाकलेली.
मला परभणीला जायचं होतं, बँकेत,
मी अजून जिवंत आहे एवढंच सांगायला.
पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हे एक काम असतं.

शेजारच्या उबाळ्यांनी बॉनेटवर हात ठेवला,
"थंडी धरली असंल," म्हणाले.
जिंतुरात थंडी ती किती!
तरी मी इंजिनावर गरम पाण्याचा टॉवेल टाकला.
एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस.
घरातून कुणी बघितलं नाही ते बरं.

जिलानी आला दहाच्या सुमाराला, लुनावर,
मागं पत्र्याची पेटी बांधून.
दहावी ब. सहामाहीला अकरा गुण.
मीच दिलेले, त्यातले दोन दया म्हणून.

"सर, तुमी नुस्ती चावी फिरवा."
त्यानं प्लगची वायर उपसली,
टोक ब्लॉकपासून नखभर लांब धरलं
आणि दुसऱ्या हातानं वर सावली केली.
दिवसा ठिणगी दिसत नाही.
"करंट न्हाई."
परत फिरवली.
"न्हाई." दार वाजवून
घरात कुणी नाही म्हणावं, तसं.

मग कॉइलची मधली वायर. तीही मुकी.
मग खिशातून टेस्ट लॅम्प:
इंडिकेटरचा बल्ब, दोन तारा, एक दाभण.
कॉइलच्या अधिकाला टेकवला, पेटला.
उण्याला टेकवला, नाही.
"फिरवा." नाहीच.
"इथं दिवा लुकलुकाय पायजे, सर.
ह्यो कामून पेटंना, सांगा बरं?"

मला सांगता येईना.
प्राथमिक कुंडल, दुय्यम कुंडल,
सगळं मनातल्या फळ्यावर काढून बघितलं,
बोटांना खडूसुद्धा लागला.
आकृती बरोबर होती.
गाडी बंद होती.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून
त्यानं माझ्या हातात दिली, "धरा."
रोटर उचलला, फुंकर मारली,
पॉइंटच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं
(पुतणीच्या लग्नाचं, आभाराचं),
काजळी काडेपेटीच्या कडेनं घासली.
तरी नाही.
मग मोबाइलचा उजेड आत पाडून
बराच वेळ नुसता बघत बसला.
वर्गातही असाच बसायचा.
मी खडू फेकून मारायचो.

"घावलं."
करंगळीएवढी वायर,
कापडाचं वेष्टण झिजून
आतल्या भिंतीला टेकलेली.
"हिला चोवीस घंटे अर्थ लागलेला.
पॉइंट उघडला तरी करंट इकून जायलाच.
तुटतच न्हाई.
तुटल्याबिगर ठिणगी पडती का?
तुमीच लिहून दिलतं."

दिलं होतं. प्रश्न चौथा, उपप्रश्न आ.
परिपथ खंडित होताच... त्याखाली रेघ ओढा.
एकतीस वर्षं पोरं रेघ ओढत आली,
पट्टी लावून, सरळ.

त्यानं दातानं काळी टेप तोडली, दोन वेढे दिले.
"फिरवा."
सीटवरून मला काही दिसणार नव्हतं.
त्याच्या तळव्याच्या सावलीतून
टक् टक् टक्,
नुसता आवाज आला.

"ऐंशी द्या." शंभर दिले.
वीस त्यानं मोजून परत केले.

बँकेत खिडकीतल्या मुलीनं
यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं.
यंत्राला माझं बोट ओळखू येईना.
टोपीचं ग्रीस होतं त्यावर,
खाली खडूनं झिजलेल्या रेषा.
"पुसून परत ठेवा, काका."
पुसून ठेवलं.
दिवा लागतोय का बघायला
दुसऱ्या हातानं जरा सावली केली.